रविवारी चार तास प्रयोगशाळा उघडा : खान्देशातल्या भौतिकशास्त्र विभागांना खुलं पत्र

प्रति,
प्राचार्य व भौतिकशास्त्र विभागप्रमुख, जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतली सर्व विज्ञान महाविद्यालयं;
तसेच विज्ञान विद्याशाखा, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव

स.न.वि.वि.

पंचेचाळीस, पन्नास, साठ वर्षांच्या माणसाने भौतिकशास्त्र शिकायचं म्हटलं की समोरचा त्याला गोष्टीरूप पुस्तक सुचवतो नाहीतर मोबाइलवरचा व्हिडिओ. दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेला अभियंता, भुसावळच्या लोको शेडमधला तंत्रज्ञ, तालुक्याच्या गावी आठवी-नववीला विज्ञान शिकवणाऱ्या बाई, केळी-कापसाची शेती सांभाळून रात्री वही उघडणारा जुना बी.एस्सी. पदवीधर, यांना गोष्टी नको आहेत. त्यांना श्रोडिंगरचं समीकरण स्वतः सोडवायचं आहे, मॅक्सवेलच्या चार समीकरणांतून प्रकाशाचा वेग स्वतः काढायचा आहे. आम्ही हा विषय शिकवतो आणि त्याच्या प्रयोगशाळा सांभाळतो. अशा माणसाचं नेमकं कुठे अडतं आणि आपल्या हातात काय आहे, ते सांगण्यासाठी हे पत्र.

व्याख्यानांची कमतरता राहिलेली नाही. एनपीटीईएल आणि स्वयम् या पोर्टलांवर एम.एस्सी.च्या दर्जाची व्याख्यानं फुकट आहेत. खान्देशात बसून मिळत नाहीत त्या गोष्टी दोनच : लिहिलेलं गणित तपासणारा माणूस आणि हात लावू देणारी प्रयोगशाळा. दोन्ही आपल्याकडे आहेत आणि दोन्ही रविवारी कुलूपबंद असतात.

पहिली गोष्ट आधी. मोठ्या वयाच्या विद्यार्थ्याची समज चांगली असते, चिकाटी असते, प्रश्न नेमके असतात. त्याचा घात करतं ते वाचन. पुस्तकातलं डेरिव्हेशन ओळीने वाचत गेलं की प्रत्येक ओळ पटते आणि विषय आल्यासारखा वाटतो. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर तेच पुन्हा लिहायला बसवा, तिसऱ्या ओळीला पेन थांबतं. विशीतल्या पोराला परीक्षा असते म्हणून तो दहा वेळा लिहून काढतो. याला परीक्षा नाही, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

एक उदाहरण जवळून बघू. लॅग्रांजियन पद्धत, म्हणजे बलांऐवजी ऊर्जेवरून गतीची समीकरणं काढण्याची रीत, शिकताना सूर्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाचं गणित येतं. सूर्यापासूनचं अंतर आर आणि कोन थीटा. थीटाच्या समीकरणात आधी पार्शल डेरिव्हेटिव्ह घ्यायचा, तेव्हा आर स्थिर धरायचा. हाती येतं वस्तुमान गुणिले आर-वर्ग गुणिले थीटा-डॉट (डॉट म्हणजे काळाबरोबर बदलण्याचा दर). पुढच्या ओळीत याचाच काळाच्या सापेक्ष पूर्ण डेरिव्हेटिव्ह घ्यायचा, आणि इथे आर बदलतो. वरच्या ओळीत आर स्थिर होता, तोच हात खालीही चालतो, आणि दोन एम गुणिले आर गुणिले आर-डॉट गुणिले थीटा-डॉट ही अख्खी टर्म गळून पडते. उरलेलं समीकरण दिसायला नीटनेटकं असतं. ते म्हणतं, ग्रहाचा कोनीय वेग कधी बदलत नाही. म्हणजे ग्रह सूर्याजवळ आला तरी त्याचा वेग वाढणार नाही, आणि केप्लरचा समान क्षेत्रफळांचा नियमच बाद. ही चूक व्हिडिओ पाहून सापडत नाही. वही बघणाऱ्या शिक्षकाला दहा सेकंदांत सापडते. ती एकदा दाखवली की पूर्ण डेरिव्हेटिव्हचा ‘डी’ आणि पार्शलचा गोल ‘डी’ यांतला फरक त्या माणसाच्या कायमचा डोक्यात बसतो, आणि पुढे थर्मोडायनॅमिक्समध्ये कोणती राशी स्थिर धरली आहे ते तो आपणहून लिहायला लागतो.

दुसरी खास अडचण विद्युत अभियंत्यांची. वर्गमूळ उणे एकसाठी त्यांचा हात जे या अक्षरावर बसलेला असतो आणि काळाचा घटक ते ई चा घात अधिक जे ओमेगा टी असा लिहितात. भौतिकशास्त्राची बहुतेक पुस्तकं आय वापरतात आणि घात उणे आय ओमेगा टी घेतात. दोन्ही बरोबर, पण एका पानावर दोन्ही मिसळले की धातूत शिरलेली लाट आत जाता जाता विझण्याऐवजी वाढत जाते. बसबारवर आयुष्य काढलेल्या माणसाला ५० हर्ट्झला तांब्यातली स्किन डेप्थ, म्हणजे लाट विझत विझत जेवढी आत शिरते ती खोली, सुमारे ९ मिलिमीटर असते हे तोंडपाठ असतं. तोच माणूस चिन्हाच्या या गोंधळात दोन-दोन आठवडे अडकतो. वहीच्या पहिल्या पानावर ‘काळाचा घटक असा, वर्गमूळ उणे एकचं चिन्ह असं, एकक एसआय’ एवढं लिहून घेतलं तरी ते आठवडे वाचतात. एककांचंही असंच आहे. जुन्या पुस्तकांतली गॉसियन एककं आणि नव्यांतली एसआय यांत चार पायचे आणि प्रकाशवेगाचे घटक इकडचे तिकडे होतात. उत्तर बारापटीने चुकलं असेल तर आधी चार पाय शोधावेत.

म्हणून पहिली विनंती : आठवड्यातून एकदा दोन तासांचं ‘तपासणीचं टेबल’ ठेवा. व्याख्यान नको, फळाही नको. शिकणाऱ्याने आठवडाभरात सोडवलेली पाच-सहा गणितं कागदावर आणायची. एक शिक्षक किंवा एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातला विद्यार्थी शेजारी बसून चुकलेल्या ओळीखाली रेघ मारेल. उत्तर सांगायचं नाही, रेघ मारायची. एका माणसाला वीस मिनिटं धरली तर दोन तासांत सहा जण होतात. बोलणं मराठीत होऊ द्या, अहिराणीत झालं तरी उत्तमच. कागदावरची चिन्हं सगळ्या जगाची एकच आहेत. एम.एस्सी.च्या मुलांचाही यात मोठा फायदा आहे, कारण दुसऱ्याची चूक शोधताना स्वतःचा पाया तपासला जातो.

प्रवेशाला दाखले मागू नका, एक छोटी चाचणी घ्या. तीन तास, पाच प्रश्न : गॉसियन फलनाचं उणे अनंत ते अनंत इंटिग्रेशन, दोन बाय दोन मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू आणि आयगेनव्हेक्टर, डॅम्पिंग असलेल्या दोलकाचं समीकरण तिन्ही प्रकारांत, वर्गमूळ एक अधिक एक्सचा टेलर विस्तार दुसऱ्या घातापर्यंत आणि तो कुठे लागू पडत नाही, गोलाच्या पृष्ठभागावर डायव्हर्जन्स थिअरम पडताळणं. तीन जमले तर सरळ क्लासिकल मेकॅनिक्सपासून सुरुवात. एकही जमला नाही तरी माणसाला परत पाठवू नये, त्याला गणिताची डागडुजी सांगावी. तिला साधारण ३०० तास लागतात आणि त्या टप्प्यावरच सर्वांत जास्त माणसं गळतात, कारण क्वांटम शिकायला आलेल्याला इंटिग्रेशनची उजळणी कमीपणाची वाटते.

क्रमाबद्दल आमचं मत ठाम आहे. गणितानंतर क्लासिकल मेकॅनिक्स, मग इलेक्ट्रोडायनॅमिक्स, मग क्वांटम, आणि क्वांटमच्या उत्तरार्धाबरोबर स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स. घाईने थेट क्वांटमला हात घातला की हॅमिल्टोनियन (ऊर्जेचं सूत्र) हा शब्दच परका राहतो आणि कम्युटेटर (दोन क्रियांचा क्रम बदलल्याने पडणारा फरक) आकाशातून पडल्यासारखा वाटतो. क्लासिकल मेकॅनिक्समधला त्याचा भाऊ, पॉइसन ब्रॅकेट, आधी हातून गेला असेल तर तो ओळखीचा निघतो. जनरल रिलेटिव्हिटीची ओढ असलेल्यांनीही आधी इलेक्ट्रोडायनॅमिक्स टेन्सरच्या भाषेत लिहून पाहावं. या चार विषयांना प्रत्येकी साधारण २५० तास आणि पूर्ण सोडवलेली सव्वाशे-दीडशे गणितं असा हिशेब धरावा. आठवड्याला दहा तास दिले, त्यांतले व्हिडिओला तीनाहून अधिक नकोत, तर वर्षाला ४८० तास होतात. लग्नसराई, पेरणी, घरातलं आजारपण धरून साडेतीन ते चार वर्षांत माणूस एम.एस्सी.च्या गाभ्याला भिडतो. हा आकडा सुरुवातीलाच स्पष्ट सांगावा. सहा महिन्यांत क्वांटम येईल असं वाटून आलेला माणूस सातव्या महिन्यात दिसत नाही.

आता प्रयोगशाळा. इथे आपण काय अडवून ठेवलं आहे ते एका प्रयोगावरूनच दाखवतो. त्याचं सगळं सामान कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं.

बीसी ५४७ हा साधा ट्रान्झिस्टर घ्यावा. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. कलेक्टर आणि बेस एकत्र जोडावेत, ते एका रेझिस्टरमधून ९ व्होल्टच्या बॅटरीच्या धन टोकाला आणि एमिटर ऋण टोकाला. रेझिस्टर पाळीपाळीने चार : १० किलोओहम, १०० किलोओहम, १ मेगओहम, १० मेगओहम. प्रत्येक वेळी बेस आणि एमिटरमधलं व्होल्टेज मोजायचं. करंट मोजायला दुसरं मीटर लागत नाही. बॅटरीच्या व्होल्टेजमधून हे व्होल्टेज वजा करून रेझिस्टरने भागलं की झालं. करंट दहापट कमी झाला की व्होल्टेज दर वेळी सारखंच उतरतं. २२ अंश सेल्सिअसला ५८.६ मिलिव्होल्टने, ४१ अंशांना ६२.३ ने. या पायरीतूनच बोल्ट्झमनचा स्थिरांक, म्हणजे तापमान आणि ऊर्जा यांना जोडणारा आकडा, निघतो : पायरी भागिले नैसर्गिक लॉग दहा, म्हणजे २.३०३, मग गुणिले इलेक्ट्रॉनचा प्रभार आणि भागिले केल्विनमधलं तापमान.

बिघडतं कुठे, ते महत्त्वाचं. घाईत ट्रान्झिस्टरऐवजी १एन ४००७ हा पॉवर सप्लायमधला डायोड लावला तर पायरी बरीच मोठी येते आणि स्थिरांक दीड-पावणेदोन पट निघू शकतो. त्या डायोडचा आयडियलिटी फॅक्टर (पायरी आदर्श पायरीच्या किती पट, तो आकडा) एक नसतो, कमी करंटला जंक्शनच्या आत होणारं रिकॉम्बिनेशन, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि होल यांचं एकत्र येऊन नाहीसं होणं, त्याला कारण. कलेक्टर-बेस जोडलेल्या ट्रान्झिस्टरमध्ये कलेक्टरचा करंट या भानगडीतून जवळजवळ सुटतो. ट्रान्झिस्टर बोटांत धरला तर बघता बघता १०-२० मिलिव्होल्ट घसरतात, कारण तापमान एक अंशाने वाढलं की व्होल्टेज सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतं. म्हणून त्याला कोरड्या परीक्षानळीत ठेवून नळी पाण्याच्या ग्लासात बुडवावी, पाण्यात थर्मामीटर आणि पंधरा मिनिटं धीर. १० किलोओहमच्या खाली जाऊ नये. १ किलोओहम लावला तर ट्रान्झिस्टर स्वतःच अंशभर तापतो. दुसऱ्या टोकाला, १० मेगओहमवर करंट उरतो एक मायक्रोअँपिअरहून कमी, आणि नेहमीच्या डिजिटल मीटरचा स्वतःचा रोधही १० मेगओहमच असतो. मीटर त्यातला सुमारे ५ टक्के करंट स्वतः पितं आणि वाचन जवळजवळ दीड मिलिव्होल्ट कमी दाखवतं. हे हिशेबात धरलं नाही तर तिन्ही पायऱ्यांच्या एकूण १८० मिलिव्होल्टमध्ये जवळपास एक टक्क्याची चूक इथेच शिरते. १० मेगओहमचा अचूक रेझिस्टर मिळाला नाही तर १ मेगओहमचे एक टक्क्याचे दहा एकापुढे एक जोडावेत.

२० मे २०१९ पासून बोल्ट्झमनचा स्थिरांक व्याख्येनेच ठरवून दिलेला आहे. म्हणजे काटेकोर पाहिलं तर या ग्लासात आपण स्थिरांक मोजत नाही, तापमान मोजतो. मोठ्या वयाचा विद्यार्थी हे वाक्य ऐकून थांबतो आणि विचारतो, ‘मग मोजणं म्हणजे नेमकं काय?’ हा प्रश्न पाठ्यपुस्तकातून सहसा उगवत नाही. तो हातात मीटर असताना उगवतो.

घरी करता येण्याजोगा प्रयोग मुद्दाम सांगितला. आपल्या विभागांत यापेक्षा कितीतरी मोलाचं पडून आहे : हॉल इफेक्टचा संच, मायकेलसन इंटरफेरोमीटर, फ्रँक-हर्ट्झ नळी, किरणोत्सारी कण मोजणारा जीएम काउंटर. हे कुणी घरी आणू शकत नाही, आणि त्यांतल्या अडचणीही हात लावल्याशिवाय कळत नाहीत. हॉल प्रोबची टोकं समोरासमोर नेमकी नसतात, म्हणून चुंबकक्षेत्र शून्य असतानाही व्होल्टेज दिसतं. क्षेत्र उलटवून दोन वाचनांतल्या फरकाचं निम्मं घेतलं तरच खरा आकडा मिळतो. इंटरफेरोमीटर रस्त्यालगतच्या वरच्या मजल्यावर असेल तर ट्रक गेला की पट्ट्या थरथरतात. तो तळमजल्यावर, आतल्या भिंतीशी हवा. जीएम नळीचा डेड टाइम (एक कण मोजल्यावर नळी आंधळी राहते तो वेळ) १०० मायक्रोसेकंद धरला तर सेकंदाला हजार मोजणीवर दहा टक्के कण निसटलेले असतात. आणि एक साधी गोष्ट, जी विशीतल्या मुलांपुढे कधी येत नाही : चाळिशीचा चष्मा. स्पेक्ट्रोमीटरवर प्रत्येकाने आधी आयपीसची क्रॉसवायर आपल्या डोळ्याला स्पष्ट करून मग दुर्बीण दूरच्या वस्तूवर जुळवावी, दुसऱ्याच्या जुळणीवर वाचन घेऊ नये, नाहीतर डोकं हललं की रेषाही सरकते. व्हर्नियरपाशी भिंग आणि छोटा एलईडी दिवा ठेवला तर कोनाच्या अर्ध्या मिनिटाची खूणही वाचता येते. खर्च शंभर-दीडशे रुपये.

दुसरी विनंती म्हणून अशी : रविवारी सकाळी आठ ते बारा प्रयोगशाळा उघडी ठेवा. आठ माणसं, चार टेबलं, एक शिक्षक, एक परिचर. प्रत्येकाकडून दर रविवारी दोनशे रुपये घेतले तर सोळाशे होतात. परिचराचं मानधन आणि किरकोळ सामान त्यातून सुटावं. मोडतोडीसाठी अनामत घ्या, सुरक्षेच्या नियमांवर सही घ्या, लेझर आणि किरणोत्सारी स्रोत शिक्षकाच्याच हाती ठेवा. एकाच महाविद्यालयावर भार नको. भुसावळ-सुरत मार्गावर जळगाव, अमळनेर, नंदुरबार आहेत, धुळ्याला चाळीसगावहून गाडी आहे. चार-पाच विभागांनी आपापले प्रयोग वाटून घेतले तर कुणालाच सगळा संच लागणार नाही.

पैशाचा आणि परवानगीचा प्रश्न निघेल, म्हणून चाळीसगावजवळच्या पाटणची आठवण देतो. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने १२०७ मध्ये त्याला दान दिलं. त्या शिलालेखाच्या जुन्या मराठीतल्या भागात दानाचा तपशील आहे : पाटणच्या बाजारात जो माल विकायला येईल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारं उत्पन्न मठाला. आठशे वर्षांपूर्वी याच भागातला बाजार गणिताच्या अभ्यासाचा खर्च उचलत होता. अमळनेरला १९१६ मध्ये प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर काढलं, तेही मोठ्या माणसांच्या गंभीर अभ्यासासाठीच. आम्ही मागतो आहोत ते कुलूप उघडणं एवढंच.

पदवीबद्दल थोडक्यात. बहुतेकांना ती नको असते. वहीवर तारीख आणि शिक्षकाची सही त्यांना पुरते, ती द्यावी. ज्यांना पुढे जायचं आहे त्यांना हे माहीत असावं की जॅम (एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा) आणि गेट (अभियांत्रिकी-विज्ञानाच्या पदव्युत्तर शिक्षणाची) या परीक्षांना वयाची कमाल मर्यादा नाही. नेट या प्राध्यापकी-संशोधनाच्या पात्रता परीक्षेत ती फेलोशिपसाठी आहे, सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेसाठी नाही. एम.एस्सी.ला मात्र बहुतेक ठिकाणी बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र असावं लागतं, त्यामुळे अभियंत्यांचा रस्ता अडतो. विद्याशाखेने त्यांच्यासाठी दोन-तीन विषयांची पूरक परीक्षा ठेवण्याचा विचार करावा. संदर्भग्रंथ वाचनालयात बसून वाचण्याची परवानगी तर आजही प्राचार्यांच्या एका सहीने देता येते.

वेळापत्रक इथल्या शेतीचं आणि उन्हाचं बघून ठरवावं. जूनमध्ये पेरणी, दसरा-दिवाळीपासून कापसाची वेचणी. त्या काळात बॅच सुरू केली तर शेतकरी विद्यार्थी पहिल्या महिन्यातच सुटतात. पहिली बॅच जानेवारीच्या पहिल्या रविवारी सुरू करून एप्रिलच्या मध्यात संपवावी. ग्लासातला तो ट्रान्झिस्टर पहिल्या रविवारी बावीस-तेवीस अंशांना आणि शेवटच्या रविवारी चाळिशीच्या उन्हात, पंखा बंद ठेवून, असा दोनदा मोजायला लावावा. तिन्ही पायऱ्या मिळून पहिल्या वेळी सुमारे १७६ मिलिव्होल्ट येतील, दुसऱ्या वेळी १८७ च्या आसपास. हे दोन बिंदू आलेखावर घेऊन रेघ मागे नेली की ती उणे २७३ अंशांकडे जाते. मीटर एक मिलिव्होल्टपर्यंतच वाचत असल्याने तीसेक अंशांची चूक सहज होईल. ती किती आणि का, हे विद्यार्थ्याने स्वतः काढून वहीत लिहावं, आणि आपण त्याखाली सही करावी.

आपले,
खान्देशात भौतिकशास्त्र शिकवणारे आणि प्रयोगशाळा सांभाळणारे काही सहकारी